कन्सोलमधलं काम हातचं जाऊ नये म्हणून

पायथनसारख्या भाषेचा कन्सोल, म्हणजे ओळ टाइप केली की लगेच चालते ती खिडकी, पुन्हा उघडला, वरच्या बाणाची कळ दाबली आणि कालच्या ओळी दिसल्या, की सगळं आपोआप साठवलं जातंय अशी आपली समजूत होते. ती निम्मीच खरी आहे. दिसतात त्या फक्त टाइप केलेल्या ओळी. त्यांची उत्तरं नसतात, व्हेरिएबल नसतात, आणि कोणती ओळ चालली, कोणती एरर देऊन पडली याचाही पत्ता नसतो. शिवाय बऱ्याच कन्सोलमध्ये ही यादी, म्हणजे हिस्टरी, सेशनभर (कन्सोल उघडल्यापासून बंद होईपर्यंत) मेमरीतच असते आणि बाहेर पडताना एकदाच फाइलीत उतरते. नीट बाहेर पडलात तर.

त्यामुळे एक्झिटच्या भरवशावर राहायचं नाही. कमांड चालताचालताच कुठेतरी लिहिली जाईल अशी सोय आधीच करून ठेवायची. पायथन आणि आयपायथनबद्दल (पायथनचाच जास्त सोयींचा कन्सोल) इथे सविस्तर लिहितोय, बाकीच्या भाषांबद्दल कामापुरतं. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरायचे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलकडून प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगची नावं) कॅपिटलमध्ये.

साधा पायथन

पायथन ३.४ पासून (२०१४) इंटरॅक्टिव्ह कन्सोलची हिस्टरी काहीही न करता साठवली जाते. होम फोल्डरमध्ये ‘.पायथन_हिस्टरी’ नावाची फाइल असते. सुरुवातीला साइट मॉड्यूल (पायथन सुरू होताना आपोआप चालणारं) ती वाचतं आणि बाहेर पडताना लिहिण्यासाठी एटएक्झिटकडे (प्रोग्रॅम नीट संपताना नोंदवलेली फंक्शनं चालवणारं मॉड्यूल) एक फंक्शन नोंदवून ठेवतं. ३.१३ पासून (२०२४) ही फाइल दुसरीकडे ठेवायची असेल तर ‘पायथन_हिस्टरी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पाथ देता येतो. प्रत्येक प्रोजेक्टची हिस्टरी वेगळी ठेवायला हे फार सोयीचं आहे.

अडचण एटएक्झिटमध्ये आहे. प्रोसेस सिग्नलने मेली, इंटरप्रिटरच कोसळला किंवा कोडमध्ये ‘ओएस._एक्झिट’ आलं, तर एटएक्झिटची फंक्शनं चालतच नाहीत. एखादी सी लायब्ररी सेगफॉल्ट देते (मेमरीच्या चुकीमुळे प्रोसेस जागीच बंद पडते), रिमोट मशीनचं कनेक्शन तुटतं, कोणीतरी टर्मिनलची विंडोच बंद करतं, आणि त्या सेशनमधलं सगळं जातं. कंट्रोल-डी किंवा एक्झिट करून बाहेर पडण्याची सवय चांगलीच, पण सेगफॉल्ट सवय विचारून येत नाही.

दुसरा घोळ दोन विंडोंचा, आणि तो जास्त फसवा आहे, कारण एररही येत नाही. समजा फाइलीत ५०० ओळी आहेत. तुम्ही विंडो ‘अ’ उघडली, मग विंडो ‘ब’ उघडली. दोघींनी त्याच ५०० ओळी वाचल्या. ‘अ’मध्ये ४० ओळी टाइप केल्या, ‘ब’मध्ये १०. आधी ‘अ’ बंद केली, फाइल झाली ५४० ओळींची. नंतर ‘ब’ बंद केली. तिने स्वतःच्या मेमरीतली यादी, म्हणजे ५१० ओळी, जुनी फाइल पुसून लिहिल्या. ‘अ’मधल्या ४० ओळी गेल्या. रीडलाइनचं (कन्सोलमधलं टाइपिंग आणि हिस्टरी सांभाळणारी लायब्ररी) ‘राइट_हिस्टरी_फाइल’ भर घालत नाही, पूर्ण फाइल नव्याने लिहितं. जो शेवटी बाहेर पडेल त्याचंच राहतं.

यावर उपाय आहे ‘अपेंड_हिस्टरी_फाइल’. हे फंक्शन पायथन ३.५ मध्ये आलं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: शेवटच्या किती ओळी जोडायच्या तो आकडा, आणि फाइलीचं नाव. फाइल आधीपासून असावी लागते, नसेल तर रिकामी तयार करून घ्यायची. हे एटएक्झिटला जोडलं की दोन विंडोंचा घोळ मिटतो, सेगफॉल्टचा मात्र राहतो. दोन्ही एकदम मिटवायचे असतील तर एक सुरेख पळवाट आहे, आणि ती प्रॉम्प्टमध्ये दडलेली आहे.

‘सिस.पीएस१’ म्हणजे तीन कोनांचा तो नेहमीचा प्रॉम्प्ट. त्यात स्ट्रिंगऐवजी दुसरं कुठलं ऑब्जेक्ट ठेवलं, तर पायथन दर वेळी प्रॉम्प्ट दाखवण्याआधी त्या ऑब्जेक्टची स्ट्रिंग नव्याने मागतो. म्हणजे प्रत्येक कमांड संपली की आपल्याला एक फंक्शन फुकट चालवून मिळतं. स्टार्टअप फाइल बनवायची (तिचा पाथ ‘पायथनस्टार्टअप’ या व्हेरिएबलमध्ये द्यायचा, ती फक्त इंटरॅक्टिव्ह सेशनमध्येच चालते) आणि तिच्यात छोटासा क्लास लिहायचा. क्लासमध्ये एकच आकडा लक्षात ठेवायचा: आत्तापर्यंत किती ओळी लिहून झाल्या. डंडर-स्ट्र (‘स्ट्र’च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) मेथडमध्ये ‘गेट_करंट_हिस्टरी_लेंग्थ’ विचारायचं, त्यातून तो आकडा वजा करायचा, उरलेल्या ओळी अपेंड करायच्या, आकडा पुढे सरकवायचा आणि शेवटी नेहमीचा प्रॉम्प्ट परत करायचा.

फरक मोजायचा, दर वेळी आंधळेपणाने १ जोडायचा नाही. जुन्या (३.१३ च्या आधीच्या) कन्सोलमध्ये चार ओळींचं फंक्शन लिहिलं की हिस्टरीत चार वेगळ्या ओळी पडतात, शेवटी मात्र पीएस१ एकदाच येतो. १ जोडलात तर फंक्शनचं शेपूटच तेवढं साठेल. फरक शून्य किंवा उणे आला तर काही न लिहिता फक्त आकडा जुळवून घ्यायचा. हिस्टरीतून कमांड देऊन एक ओळ काढली की तो शून्य येतो, एकदम जास्त काढल्या की उणे.

आता यातली खाच. स्टार्टअप फाइल चालल्यानंतर साइट मॉड्यूलची पाळी येते. त्या वेळी हिस्टरीत एकही ओळ नसेल, तर ते ‘.पायथन_हिस्टरी’ वाचतं आणि स्वतःचं लिहिणंही नोंदवतं. ओळी असतील तर तुम्ही तुमची सोय केली आहे असं समजून बाजूला होतं. म्हणून स्टार्टअपमध्ये आपली फाइल आधी वाचून घ्यायची. पण पहिल्यांदा ती फाइल रिकामीच असते, लांबी शून्य येते, साइट मॉड्यूल मध्ये घुसतं, जुन्या फाइलीतल्या शेकडो ओळी मेमरीत येतात आणि आपला क्लास त्या नव्या समजून आपल्या फाइलीत ओततो. उपाय अगदी साधा: फाइल वाचल्यावर लांबी शून्य असेल तर ‘अ‍ॅड_हिस्टरी’ने एक कॉमेंटची ओळ टाकायची. तारीख टाकलीत तर ती पुढे कामालाही येते.

ही युक्ती रीडलाइनवर उभी आहे. ३.१३ मध्ये आलेला नवा कन्सोल हिस्टरी स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे तिथे ती हवी असेल तर ‘पायथन_बेसिक_रेपल’ व्हेरिएबल १ करून जुना कन्सोल चालू करावा लागतो. पण त्याआधी विचार करा, कारण नव्या कन्सोलमध्ये एक मोठं सुख आहे: कित्येक ओळींचा ब्लॉक अख्खाच्या अख्खा परत मिळतो, ओळीओळीने गोळा करावा लागत नाही. एफ२ दाबलं की प्रॉम्प्टशिवाय नुसती हिस्टरी दिसते, तिथून कोड सरळ कॉपी करता येतो. हे ब्लॉक फाइलीत साठवताना आतल्या ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न घातलेलं असतं. म्हणून तीच फाइल जुन्या पायथनने उघडली की ओळी सुट्या दिसतात आणि त्यांच्या शेवटी विचित्र चिन्हं येतात. एकाच मशीनवर दोन्ही व्हर्जन वापरत असाल तर फाइली वेगळ्याच ठेवा.

मॅकवर आणखी एक भानगड. तिथल्या पायथनमागे बरेचदा ग्नू रीडलाइन (मूळ रीडलाइन) नसून लिबएडिट ही तेच काम करणारी दुसरी लायब्ररी असते. त्याच्या हिस्टरी फाइलीची पहिली ओळ एक खास खूण असते आणि कोडमधल्या प्रत्येक स्पेसच्या जागी बॅकस्लॅश-०४० लिहिलेलं असतं. ग्नूने लिहिलेली फाइल लिबएडिटपुढे ठेवली तर ती वाचताना एरर येते. पायथन नव्याने इन्स्टॉल केला आणि हिस्टरी ‘गायब’ झाली, तर आधी फाइलीची पहिली ओळ बघा. बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, फक्त भाषा बदललेली असते. लिबएडिटवर ‘अपेंड_हिस्टरी_फाइल’ मिळेलच असंही नाही. कुठलं चालू आहे हे ‘रीडलाइन’ मॉड्यूलच्या डंडर-डॉकमध्ये लिबएडिट हा शब्द आहे का यावरून कळतं, आणि ३.१३ पासून ‘रीडलाइन.बॅकएंड’ सरळच सांगतं.

यातलं काहीच आधी केलेलं नाही आणि आत्ता समोर चालू असलेलं सेशन वाचवायचं आहे? रीडलाइन इंपोर्ट करा आणि ‘राइट_हिस्टरी_फाइल’ला नवं फाइलनाव द्या. जुन्या सेशनच्या ओळीही त्यात येतील, आपलं काम शेवटी सापडेल. नाव नवंच द्या. घाईत मूळ फाइलीचं नाव दिलं तर दुसऱ्या विंडोचं काम पुसलं जातं.

आयपायथन

रोज तासन्‌तास कन्सोलमध्ये काम असेल तर वरच्या सगळ्या उचापतींपेक्षा आयपायथन वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे हिस्टरी टेक्स्ट फाइलीत नसते, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये (अख्खा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) असते: होममधल्या ‘.आयपायथन’ फोल्डरात, ‘प्रोफाइल_डिफॉल्ट’च्या आत, ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’. प्रत्येक सेशनला नंबर मिळतो, त्यामुळे दोन विंडो एकमेकींचं पुसत नाहीत. आणि कमांडची नोंद ती चालवण्याआधी होते. म्हणजे जी ओळ कन्सोलला घेऊन बुडाली, ती ओळसुद्धा सहसा सापडते. बरेचदा नेमकी तीच हवी असते.

टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतात त्या आयपायथनच्या स्वतःच्या कमांड. जुनं शोधायला ‘%हिस्टरी -जी’ आणि पुढे शब्द. सगळ्या सेशनमधल्या जुळणाऱ्या ओळी ‘सेशन/ओळ’ अशा नंबरांसह येतात. मग समजा ‘२४३/१२’ मिळालं, तर ‘%हिस्टरी २४३/८-१५’ करून आजूबाजूचं बघता येतं. मागच्या सेशनसाठी ‘~१/’, त्यातल्या पहिल्या पाच ओळींसाठी ‘~१/१-५’. दोन विंडो उघड्या असतील तर मात्र ‘~१’ म्हणजे तुमच्या मनातलं सेशन असेलच असं नाही, शेजारच्या चालू विंडोचा नंबरही तो असू शकतो. म्हणून आधी ‘-एन’ लावून डोळ्यांनी बघा, मगच फाइलीत टाका. फाइलीत टाकायला ‘-एफ’ आणि फाइलनाव.

निवडक ओळींची स्क्रिप्ट हवी असेल तर ‘%सेव्ह तपासणी ३-७ १२’. या ओळी ‘तपासणी.पीवाय’मध्ये जातात, ‘-ए’ने आधीच्या फाइलीत भर पडते. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की साध्या ‘%सेव्ह’मध्ये टक्क्यांच्या चिन्हाच्या कमांड ‘गेट_आयपायथन’च्या लांबलचक फंक्शन कॉलमध्ये बदलून लिहिल्या जातात. टाइप केलं तसंच हवं असेल तर ‘-आर’; मग एक्स्टेन्शनही ‘.आयपीवाय’ मिळतं.

पण खरी नोंदवही म्हणायची तर ‘%लॉगस्टार्ट’. सेशनच्या मध्यावर आठवण झाली तरी चालतं, आधीच्या ओळीही ती लिहून घेते आणि मग पुढच्या प्रत्येक ओळीची भर घालत जाते. ‘-टी’ दिलं की वेळ, ‘-ओ’ दिलं की उत्तरं, दोन्ही कॉमेंटच्या रूपात, त्यामुळे फाइल तरीही चालवता येते. नावापुढे ‘अपेंड’ लिहायला विसरू नका, नाहीतर जुनी फाइल नावाला ‘~’ लागून बाजूला सरकते आणि पुढच्या वेळी ती बाजूची प्रतही पुसली जाते. थोडक्यात: ‘%लॉगस्टार्ट -ओ -टी काम.पीवाय अपेंड’. ‘%लॉगऑफ’ने तात्पुरतं थांबवता येतं, ‘%लॉगऑन’ने पुन्हा सुरू. कायमचीच सोय हवी तर कॉन्फिग फाइलीत ‘लॉगअपेंड’ला पाथ द्या. त्याच्या शेजारचं ‘लॉगफाइल’ देऊ नका, ते दर वेळी फाइल नव्याने सुरू करतं.

‘-ओ’बद्दल एक गैरसमज असतो. त्यात येतं ते फक्त ‘आउट’ नंबराने दिसणारं मूल्य. प्रिंट केलेलं, वॉर्निंग, प्रोग्रेस बार यातलं काही लॉगमध्ये जात नाही. डेटाबेसचंही तसंच: उत्तरं साठवायची असतील तर ‘डीबी_लॉग_आउटपुट’ ट्रू करावं लागतं, ते मुळात बंद असतं.

होम फोल्डर नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर एसक्यूलाइटचं लॉकिंग गडबडतं आणि ‘डेटाबेस इज लॉक्ड’ दिसायला लागतं. ‘हिस्ट_फाइल’ या सेटिंगमध्ये लोकल डिस्कवरचा पाथ दिला की प्रश्न सुटतो. डेटाबेस खराब झालेला आढळला तर आयपायथन त्याच्या नावात ‘करप्ट’ जोडून बाजूला ठेवतं आणि नवा रिकामा सुरू करतं. म्हणून हिस्टरी एकाएकी कोरी दिसली तर त्या फोल्डरात डोकावून बघा. त्या बाजूला पडलेल्या फाइलीतून एसक्यूलाइटच्या टूलने बरंचसं परत मिळू शकतं. आणि ‘आयपायथन हिस्टरी ट्रिम’ ही कमांड जपून वापरा, ती सांगितलं नाही तर शेवटच्या १००० ओळीच ठेवते.

बाकीचे कन्सोल

आर (आकडेवारीची भाषा) बंद करताना वर्कस्पेस, म्हणजे सेशनमधली सगळी व्हेरिएबल, ठेवायचं का असं विचारतो. ‘नाही’ म्हटलं की हिस्टरीही जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्कस्पेस न ठेवण्याची सवय चांगलीच आहे, पण मग बाहेर पडण्याआधी ‘सेव्हहिस्टरी’ फाइलनावासह स्वतः चालवायला हवं. मर्यादा ‘आर_हिस्टसाइझ’ने ठरते, मुळात ५१२ ओळी. नोडमध्ये (जावास्क्रिप्टचा कन्सोल) फाइल ‘.नोड_रेपल_हिस्टरी’, मर्यादा १००० ओळी, आणि कन्सोलमध्येच ‘.सेव्ह’ दिलं की चालू सेशन फाइलीत जातं, ‘.लोड’ने परत येतं. रूबीच्या आयआरबीमध्ये ‘सेव्ह_हिस्टरी’ या सेटिंगमध्ये ओळींचा आकडा द्यायचा. ज्युलियाने हे सगळ्यात शहाणपणाने केलंय: प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि कोणत्या मोडमध्ये टाइप केलं तेही लिहिलं जातं.

ज्या कन्सोलला हिस्टरीच नाही त्याच्यापुढे ‘आरएलरॅप’ लावून तो सुरू करायचा, ‘-एच’ कॅपिटलमध्ये देऊन हिस्टरीची फाइल सांगायची. आणि स्क्रीनवर आलेलं सगळंच हवं असेल, प्रिंटसकट, तर कन्सोल सुरू करण्याआधी टर्मिनलमध्ये ‘स्क्रिप्ट’ कमांड चालवायची. लिनक्सवर ‘-एफ’ लहान, मॅकवर कॅपिटल. त्याने प्रत्येक गोष्ट लगेच डिस्कवर जाते. फाइलीत रंगांचे कोड, बॅकस्पेस, खोडलेली अक्षरं सगळं येतं. ‘लेस -आर’ने, इथे आर कॅपिटल, ती वाचता येते, साध्या एडिटरमध्ये उघडू नका, डोळे दुखतात.

हिस्टरी म्हणजे स्क्रिप्ट नव्हे

साठवलेल्या ओळी वरपासून खाली चालवल्या की तोच निकाल येईल, ही अपेक्षा सहसा फसते. चुकलेल्या ओळीही त्यात असतात. फंक्शन तीनदा बदललेलं असतं आणि मधल्या ओळींनी दुसरी आवृत्ती वापरलेली असते. आणखी एक न दिसणारं कारण म्हणजे अंडरस्कोर: कन्सोलमध्ये ‘_’ म्हणजे मागचं उत्तर, पण फाइल म्हणून चालवली की तो ठेवायला कोणी नसतं आणि नेमएरर येते. आयपायथनमधल्या ‘_१२’ आणि ‘आउट’चीही तीच गत. म्हणून फाइलीत टाकल्यावर आधी अंडरस्कोर शोधा, त्यांच्या जागी नावं द्या, फोल्डर बदलणाऱ्या ओळी वर आणा, आणि मग ‘पायथन -आय’ने नव्या प्रोसेसमध्ये चालवून बघा. जुन्याच सेशनमध्ये चालवलीत तर जुनी व्हेरिएबल मदतीला येतात आणि चूक दिसतच नाही.

पासवर्डचं

टोकन किंवा पासवर्ड कन्सोलमध्ये टाइप केला की तो हिस्टरीत गेला. साध्या पायथनच्या जुन्या कन्सोलमध्ये ‘इनपुट’ने विचारलेलं उत्तरसुद्धा रीडलाइनमधून येतं आणि हिस्टरीत जमा होतं, हे लक्षातही येत नाही. ‘गेटपास’ वापरा, त्याचं उत्तर जमा होत नाही. गेलाच असेल तर ‘रिमूव्ह_हिस्टरी_आयटम’ने काढा, पण सांभाळून: ‘गेट_हिस्टरी_आयटम’ १ पासून मोजतं आणि ‘रिमूव्ह’ ० पासून. १२ नंबरला दिसलेली ओळ काढायला ११ द्यावं लागतं. १२ दिलंत तर पुढची निरपराध ओळ जाते आणि पासवर्ड तिथेच बसतो. वरची प्रॉम्प्टची युक्ती लावली असेल तर ओळ फाइलीत केव्हाच पोचलेली असते, तिथूनही एडिटरने काढायची. आयपायथनच्या डेटाबेसमधून डिलीट केल्यावर ‘व्हॅक्यूम’ही (डेटाबेसची फाइल नव्याने लिहिणारी एसक्यूलाइटची कमांड) चालवा, नाहीतर मोकळ्या झालेल्या पानांत मजकूर तसाच पडून असतो. आणि टोकन मुळातूनच बदलून टाका.

सोय लावून झाली की ती मारून बघा. कन्सोल उघडा, ‘ओएस.गेटपिड’ने प्रोसेसचा नंबर घ्या, वेगळ्या ओळखू येतील अशा तीन ओळी टाइप करा, चौथी ‘टाइम.स्लीप’ ६०० सेकंदांची द्या आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ‘किल -९’ करा. पुन्हा उघडल्यावर साध्या पायथनच्या प्रॉम्प्टवाल्या युक्तीत पहिल्या तीन ओळी दिसायला हव्यात, स्लीपची नाही, कारण तिच्यानंतरचा प्रॉम्प्ट आलाच नाही. आयपायथनमध्ये स्लीपची ओळही दिसेल. तीनपैकी एकही दिसली नाही, तर लिहिणं अजून एटएक्झिटवरच चाललंय. ‘पायथनस्टार्टअप’चा पाथ त्या टर्मिनलपर्यंत पोचलाय का ते आधी बघा.